नवीन छोट्या नाटकात चांगलं काय असतं आणि कच्चं कुठे राहतं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या ग्रुपचा दीर्घांक (म्हणजे एकांकिकेहून मोठं, एकाच अंकाचं नाटक) नुकताच उभा राहिलाय, तीन कलाकार आहेत, पहिले काही प्रयोग झाले आणि बघायला आलेले सगळे "मस्त झालं" म्हणून घरी गेले, त्यामुळे चांगलं काय आणि कच्चं काय तेच कळेना. मी पुण्यात प्रायोगिक नाटकांचे लाइट्स करतो, त्यामुळे अशी नाटकं तालमीपासून बघायला मिळतात. तुमचं नाटक मी बघितलेलं नाही, पण मध्यंतरी एका नव्या ग्रुपचं दोन पात्रांचं नाटक केलं होतं, ते धरून सांगतो. नाव देत नाही, पोरं अजून प्रयोग करतायत.

आधी जमेची बाजू. नाटक आई आणि मुलीचं, राहतं घर विकायचं की नाही यावरून. सुरुवातीला बराच वेळ आई नुसती मेथी निवडत बसलेली असते, खरी मेथी, आणि हॉल शंभरेक खुर्च्यांचा, पहिली रांग अगदी पायाशी, म्हणजे वाससुद्धा लोकांपर्यंत जायचा. मुलीने घराचा विषय काढला की आईचा हात क्षणभर थांबायचा आणि मग चांगली पानं देठांच्या ढिगात पडायला लागायची. ती काहीच बोलायची नाही, पण हॉलमध्ये प्रत्येकाला कळायचं की बाईचं चित्त उडालंय. बालगंधर्वसारख्या मोठ्या थिएटरच्या बाल्कनीतून हे कुणाला दिसणारे? दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 1974 पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटकांची जी चळवळ चालवली तिला नाट्यगृह म्हणून काही थाट नव्हता, पण नट आणि प्रेक्षक यांच्यात अंतरच नव्हतं, आणि आज पुण्यातल्या छोट्या सुदर्शन रंगमंचला नाटक बघायला जातो तेव्हाही मला तीच गोष्ट ओढून नेते. तुमच्या नाटकात असा एखादा क्षण आहे का बघा जो फक्त जवळूनच दिसतो. असेल तर त्याला हात लावू नका, उलट अजून वेळ द्या.

दुसरी जमेची गोष्ट म्हणजे तालीम. व्यावसायिकमध्ये नटांच्या सिरियलच्या तारखा सांभाळत नाटक बसवावं लागतं, इथे पोरं नोकरी सुटली की रोज संध्याकाळी येतात आणि दोन-तीन महिने घासतात. त्या दोघींचं एकमेकींचं वाक्य तोडणं इतकं पक्कं बसलं होतं की संवाद पाठ केलेत असं वाटायचंच नाही. याला पैसे लागत नाहीत आणि पैसे टाकून हे मिळतही नाही.

आता कच्च्या बाजू. सगळे पहिल्यांदा बजेटचं रडतात पण माझ्या मते सगळ्यात मोठा दोष संहितेला कात्री न लागणं हा आहे. लेखक आणि दिग्दर्शक एकच माणूस, बाकी सगळे त्याचे मित्र, मग "हे पान काढ" असं सांगणार कोण? त्या नाटकात मुलगी किल्ल्या टेबलावर ठेवून निघून जाते, आई किल्ल्यांकडे बघते, नाटक तिथे संपलंय. पण पुढे आईचं एक लांबलचक स्वगत होतं ज्यात आपण आत्ताच बघितलेलं सगळं तिने परत समजावून सांगितलं. लाइट्सचा बूथ प्रेक्षकांच्या मागच्या बाजूला असतो, मला तिथून डोकी दिसतात, आणि दर प्रयोगाला त्याच जागी खुर्च्या करकरायला लागायच्या आणि दोन-चार मोबाईलचे स्क्रीन उजळायचे.

नंतर ब्लॅकआऊट. दर प्रसंगानंतर अंधार, त्यात दोन मुलं विंगेतून वाकून येणार, खुर्ची हलवणार, कप उचलणार. छोट्या हॉलमध्ये पूर्ण अंधार होतच नाही हो, दारावरच्या एक्झिटच्या दिव्यातसुद्धा सगळं दिसतं, आणि दर वेळी बांधलेला ताण सुटतो. माझी सरळ विनंती असते की वस्तू नटांनाच उजेडात हलवू द्या, आईने कप उचलून नेला तर तो सीनचाच भाग होतो.

आवाजाचं पण तेच. जवळ आहे म्हणून पुटपुटायचं, नैसर्गिक अभिनय म्हणून, आणि पंखे चालू असले की शेवटच्या तीन रांगांना वाक्याचा शेवटचा शब्द ऐकूच येत नाही. तालमीच्या खोलीत हे कळत नाही, कारण तिथे सगळ्यांना संवाद पाठ असतात.

पैशाचं थोडक्यात. शंभर खुर्च्या आणि 200 रुपये तिकीट धरलं तर हाऊसफुल्लला 20,000 येतात, त्यातून हॉलचं भाडं, लाइट्सचं भाडं, टेम्पो, चहा-जेवण, मग हातात फार काही उरत नाही, म्हणून पुढचा प्रयोग दोन महिन्यांनी लागतो. (500 रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी नाही, तेवढं तरी बरंय.) खरं नुकसान या दोन महिन्यांच्या खंडात होतं, कारण नाटक प्रयोगागणिक मुरतं आणि इथे दर वेळी पाठांतर ताजं करण्यातच वेळ जातो. ओळखीची माणसं पण पहिल्या तीन-चार प्रयोगांत संपतात. त्यामुळे जमलं तर लागोपाठ शनिवार-रविवार दोन प्रयोग लावा, आणि एखादा तरी गावाबाहेर, जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी करा, मग एकाने शेवटच्या रांगेत बसून स्टेजकडे न बघता फक्त लोकांकडे बघायचं आणि ते कुठे चुळबुळ करतात तिथे संहितेत पेन्सिलीने खूण करायची. दोन प्रयोगांत खुणा त्याच पानावर आल्या की मित्रांच्या मताची वाट बघू नका, ते पान कापा.

पुण्यात पुढचा प्रयोग असेल तर तारीख इथे टाका, मी तिकीट काढून येतो आणि जे वाटेल ते स्पष्ट सांगतो.