कांद्याचा बाजार खुला झाला म्हणता, पण कुठपर्यंत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: राज्य सरकारने २०१६ मध्येच फळं, भाजीपाला, कांदा-बटाटा बाजार समितीच्या नियमनातून काढले. म्हणजे बाजार खुला झाला. तरीही कांदा दर दोन वर्षांनी शेतकऱ्याला रडवतो, मग खुल्या बाजाराचा विचार फसला असं का म्हणू नये?

कारण खुला झाला तो फक्त बाजार समितीच्या आवाराबाहेरचा सौदा. गावातलं कुलूप काढलं, बंदरावरचं तसंच राहिलं. दोन्ही वेगवेगळी पाहिल्याशिवाय कुणाचं काय चुकलं हे कळणार नाही.

आधी राज्याचं. १९६३ च्या पणन कायद्याखाली नियमनातला माल समितीच्या क्षेत्रात परवान्याशिवाय खरेदी करता येत नव्हता. जुलै २०१६ मध्ये फळं-भाजीपाल्यासाठी आवाराबाहेर ही अट गेली, तिथली बाजार फी गेली, आणि आवारातली अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यायची असं ठरलं. गाजावाजा अडतीचा झाला, पण खरं महत्त्व पहिल्या बदलाला आहे. अडत कुणाच्या नावावर लिहिली यावरून ती कुणाच्या खिशातून जाते हे ठरत नाही. व्यापाऱ्याला क्विंटल २,००० रुपयांपर्यंत परवडतो आणि अडत ४ टक्के आहे असं धरा. पूर्वी तो २,००० ची बोली लावायचा आणि हिशोबपट्टीत ८० रुपये कापले जायचे. आता तो १,९२० च्या आसपास थांबतो, कारण अडत त्याला वर भरायची आहे. शेतकऱ्याच्या हातात पडतं तेवढंच. अडत खरोखर उतरते ती शेजारी दुसरा गिऱ्हाईक उभा राहिला की.

तो दुसरा गिऱ्हाईक फारसा आला नाही, याची दोन कारणं आहेत. एक पैशाच्या हमीचं. आवारात काही झालं तर समितीकडे दाद मागता येते, व्यापाऱ्याचा परवाना आणि हमी तिच्या हातात असते. शेतावरच होणाऱ्या शिवार सौद्यात हे काहीच नसतं. खुल्या बाजाराची बाजू मांडणाऱ्यांनी हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे: करार पाळला जाईल याची व्यवस्था नसेल तर नुसतं नियमन काढून भागत नाही. बांधावर विकणाऱ्यांनी भाव, प्रत आणि घट किती धरणार हे कागदावर सहीनिशी घ्यावं, वजन तिऱ्हाईत काट्यावर करावं, आणि पैसे बँक खात्यात जमा झाल्याशिवाय ट्रक हलू देऊ नये. धनादेशावर माल सोडू नये.

दुसरं कारण मोठं आहे आणि ते दिल्लीत आहे. कांद्याच्या धंद्यात साठवण, प्रतवारी, पॅकिंग यांत पैसा घालणाऱ्याला सहा महिने पुढचं दिसावं लागतं. उन्हाळी कांदा मार्च ते मे दरम्यान निघतो आणि कांदाचाळीत, म्हणजे हवेशीर साठवण-छपरीत, ऑक्टोबरपर्यंत धरतात. तोवर वजनातली घट, सड आणि कोंब मिळून ३०-४० टक्के माल जाऊ शकतो. हा तोटा सोसून माल धरायचा तो चढ्या भावाच्या आशेवर. आणि भाव चढला रे चढला की केंद्राची निर्बंधाची अधिसूचना येते.

नुसतं ‘केंद्र’ म्हणून निवेदन कुठेच पोचत नाही, म्हणून कुठली किल्ली कुणाकडे आहे ते सांगतो. निर्यातबंदी आणि किमान निर्यात मूल्य (ज्याच्या खाली निर्यात करता येत नाही असा भाव) वाणिज्य मंत्रालयाचं: १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याखाली विदेश व्यापार महासंचालनालय ते काढतं. निर्यात शुल्क अर्थ मंत्रालयाचं. साठामर्यादा आणि बफर साठा (भाव आवरायला सरकारने घेऊन ठेवलेला कांदा) ग्राहक व्यवहार मंत्रालयाचा, त्यातली साठामर्यादा १९५५ च्या आवश्यक वस्तू कायद्याखाली. या तिघांपैकी एकाचंही काम शेतकऱ्याचा भाव बघणं नाही. कृषी मंत्रालयाच्या हातात यातली एकही किल्ली नाही.

आता अलीकडचाच क्रम पाहा. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं. म्हणजे ५५० वर २२० शुल्क, टन ७७० डॉलर, तेव्हाच्या दराने किलोला साधारण ६४ रुपये, आणि जहाजभाडं वेगळं. याला निर्यात खुली केली म्हणणं मला पटत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, ते १ एप्रिल २०२५ ला शून्य झालं. वीस महिन्यांत सहा वेळा नियम बदलला. यातलं सर्वांत मोठं नुकसान शुल्काचं नाही, अनिश्चिततेचं आहे. २० टक्के कायम असतील तर व्यापारी तेवढे धरून बोली लावेल. उद्या काय असेल हेच ठाऊक नसेल तर तो आजच्याच बोलीत धोक्याची कपात करतो, आणि परदेशी गिऱ्हाईक बेभरवशाचा पुरवठादार म्हणून दुसरीकडे वळतं.

साठामर्यादा लिलावात कशी उतरते तेही पाहा. ऑक्टोबर २०२० मध्ये घाऊक व्यापाऱ्याला २५ टनांची मर्यादा घातली गेली. २५ टन म्हणजे २५० क्विंटल, म्हणजे २५ क्विंटलच्या दहा ट्रॉल्या. लासलगावसारख्या बाजारात मोठा खरेदीदार एवढा माल सकाळच्या लिलावातच घेतो. प्रतवारी आणि गोण्या भरायला खरेदीपासून तीन दिवसांची सवड दिली होती, पण रेल्वेची रेक किंवा ट्रक वेळेवर मिळाला नाही तर कारवाईची तलवार त्याच्याच मानेवर. मग तो हात आखडता घेतो. अकराव्या ट्रॉलीला बोलीच लागत नाही. नाशिक जिल्ह्यात तेव्हा लिलाव बंद पडले ते यामुळेच.

आणि हे घडलं आवश्यक वस्तू कायद्यात शेतकऱ्याच्या बाजूने दुरुस्ती झाल्यावर. २०२० च्या दुरुस्तीत अट होती की फळं-भाजीपाल्याचा किरकोळ भाव गेल्या बारा महिन्यांच्या किंवा पाच वर्षांच्या सरासरीच्या, यांपैकी जो कमी असेल त्याच्या, दुप्पट झाला तरच साठामर्यादा लावता येईल. त्या ऑक्टोबरात वर्षभरातली वाढ जेमतेम २२ टक्के होती, पण पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना केली तर ११५ टक्के निघाली. ‘जो कमी असेल तो’ या चार शब्दांनी दार उघडलं. शिवाय मोजमाप शहरातल्या किरकोळ भावाचं, शेतकऱ्याला मिळालेल्या भावाचं नाही. पुढे २०२१ मध्ये बाकी दोन कृषी कायद्यांबरोबर हीही दुरुस्ती रद्द झाली.

‘मग शहरातल्या गरिबाने काय करायचं?’ हा आक्षेप रास्त आहे. पण महागाई मोजणाऱ्या २०१२ पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचं वजन ०.६४ टक्के होतं, म्हणजे सरासरी घरखर्चात शंभर रुपयांमागे चौसष्ट पैसे. ज्यांना खरोखर झळ बसते त्यांच्या खात्यावर थेट पैसे द्या, तो खर्च सगळ्या समाजाने उचलावा, एकट्या कांदा उत्पादकाने नाही. आयातही खुली असू द्या. निर्यात खुली मागायची आणि आयातीला विरोध करायचा, हे एकाच तोंडाने बोलता येत नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी ज्याला उणे सबसिडी म्हटलं ती हीच: भाव पाडून शेतकऱ्याकडून काढून घेतलेला पैसा.

उलट बाजूची, म्हणजे भाव पडल्यावरची, मलमपट्टी किती अपुरी असते त्याचं उदाहरण राज्य सरकारचं २०२३ चं अनुदान. फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या कांद्याला क्विंटलला ३५० रुपये, कमाल २०० क्विंटल, म्हणजे फार तर ७०,००० रुपये. त्यासाठी विक्रीची हिशोबपट्टी हवी आणि सातबारावर कांद्याची नोंद हवी. कच्च्या शिवार सौद्यात पट्टी नसते. म्हणजे २०१६ मध्ये आवाराबाहेर विका म्हणून सांगितलं, आणि तसं विकणाऱ्याची मदतीच्या वेळी अडचण केली.

निवेदन लिहायचं असेल तर ‘कांद्याला भाव द्या’ लिहू नका, त्यावर कुणी काही करू शकत नाही. वाणिज्य मंत्रालयाला लिहा की निर्यातीवरचा कोणताही निर्बंध किमान ९० दिवसांची पूर्वसूचना दिल्याशिवाय लागू होऊ नये, आणि अधिसूचनेच्या तारखेपूर्वी झालेल्या पतपत्रांना (गिऱ्हाइकाच्या बँकेने दिलेल्या पैशाच्या हमीला) व करारांना संरक्षण मिळावं. अर्थ मंत्रालयाला लिहा की निर्यात शुल्काला संपण्याची तारीख असावी आणि ती वाढवायची असेल तर आधी संसदेत मंजुरी घ्यावी. ग्राहक व्यवहारला लिहा की बफरचा कांदा कधी, कुठे आणि किती सोडणार हे हंगाम सुरू व्हायच्या आधी जाहीर करा. पणन विभागाला लिहा की शिवार सौद्याची साधी ऑनलाइन नोंद आणि तिच्यावर मिळणारी ग्राह्य पट्टी सुरू करा. चार निवेदनं वेगवेगळी द्या आणि प्रत्येकावर पोच घ्या.