हिऱ्यातला ठिपका ओळखण्याआधी

बापू, वैरागडच्या जुन्या हिरेखाणी आपल्या गडचिरोलीतल्याच, तुला हिऱ्यातले ठिपके, म्हणजे आत अडकलेले दुसऱ्या खनिजांचे कण, ओळखायची ओढ लागली हे फार बरं झालं. पण आधी धुऱ्यावरची पारदर्शक गारगोटी घे. ओली करून दहापट भिंगाखाली, उजेडासमोर हळूहळू फिरव, आतले ठिपके बघ. महिनाभर हेच कर, वहीत चित्रं काढ.

नवखे दोन ठिकाणी हमखास चुकतात:

- काळा ठिपका म्हणजे ‘कार्बन’च, असं धरून चालतात. तो सल्फाइड (धातू-गंधकाचं खनिज) किंवा क्रोमाइट (क्रोमियम-लोखंडाचं काळं खनिज) यांचाही असतो.
- आकारावरून खनिज ठरवतात. हिरा आतल्या कणावर बरेचदा स्वतःचाच अष्टफलकी (आठ पैलूंचा) आकार लादतो, त्यामुळे ऑलिव्हीनसारखं खनिज स्वतःच्या रूपात दिसतच नाही.

रंगहीन म्हणजे ऑलिव्हीन, लालसर म्हणजे गार्नेट हे खनिज, हा रंगावरून बांधलेला अंदाजच. खात्री क्ष-किरण विवर्तनाने (कणातून क्ष-किरण कसे विखुरतात ते पाहून) होते, तीही हिरा न फोडता. त्यातलं गणित नंतर बघू.