श्याम रडका आणि फेणे धीट?

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा ‘फास्टर फेणे’ची पुस्तके एका बैठकीत संपवतो, ‘श्यामची आई’ मात्र त्याने पहिल्या काही प्रकरणांनंतर मिटून ठेवले. ‘श्याम सारखा रडतो, तो मुलगा वाटतच नाही’, असे त्याचे म्हणणे. सासूबाईंना मुलाने श्यामचे वळण घ्यावेसे वाटते, तर यजमानांच्या मते आजच्या काळात फेणेच बरा. त्याला नेमके काय वाचायला द्यावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही द्यावे. पण ‘मुलगा वाटतच नाही’ हे वाक्य सहज सोडून देण्यासारखे नाही, कारण नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली हे पुस्तक लिहिताना साने गुरुजींनीही मुलगेपणाचा विचार केलेला दिसतो. ‘श्यामचे पोहणे’ हे प्रकरण पाहा. पाण्याच्या भीतीने श्याम माळ्यावर लपतो, आई त्याला शिंपटीने मारून बाहेर काढते आणि शेवटी तो विहिरीत ढकलला जातो. त्यानंतर तीच आई, कोंडीत दही आहे, तुला आवडते ना, चाटून टाक, असे त्याला सांगते आणि आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हटलेले आपल्याला सोसणार नाही, हेही बोलून दाखवते. म्हणजे ज्या श्यामला आपण हळवेपणाचा नमुना मानतो, त्यालाही धीटपणाच्या परीक्षेतून सुटका नव्हती, आणि ती परीक्षा बापाने नव्हे, आईने घेतली. (शिंपटीचे समर्थन आज मी करणार नाही.)

याच पुस्तकात ‘अर्धनारी नटेश्वर’ नावाचे प्रकरण आहे. दापोलीला शिकणारा श्याम सुट्टीत घरी येऊन, एरवी बायकांची मानली जाणारी कामे आईच्या मदतीसाठी करतो. आणि पुरुषाच्या अंगी कोमलता व स्त्रीच्या अंगी धैर्य आल्याशिवाय दोघेही अपुरेच, असा विचार गुरुजी तेथे मांडतात. १९३५ साली छापून आलेल्या पुस्तकात हे आहे, आणि आपण मात्र त्यातले अश्रू तेवढे लक्षात ठेवले.

भा. रा. भागवतांचा फेणे वेगळा खरा. फुरसुंगीचा हा पोरगा पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकलवर सुसाट सुटतो आणि ‘टॉक्’ करून संकटात उडी घेतो. परंतु तोही दंडाच्या बेडक्या दाखवणारा वीर नव्हे. अंगाने किडकिडीत असलेला हा मुलगा चपळाई, निरीक्षण आणि आगाऊपणा यांच्या बळावर निभावून नेतो. माझ्या मते या दोघांतला खरा फरक मऊ आणि कणखर असा नसून घराच्या उंबऱ्याचा आहे. श्यामचे बहुतेक कसोटीचे प्रसंग आईच्या नजरेसमोर घडतात, तर फेणेचे साहस घर मागे टाकल्यावर सुरू होते. त्यामुळे आजारी माणसाचे पाय कोणी चेपावेत, असले प्रश्न त्याच्या वाटेला फारसे येत नाहीत. अकरा वर्षांच्या मुलाला त्यातला मोकळेपणा आवडावा, यात गैर काही नाही.

तेव्हा पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची सक्ती करू नका. ‘श्यामचे पोहणे’ तेवढे मोठ्याने वाचून दाखवा आणि आईने शिंपटी उचलली ते बरोबर होते का, हे त्यालाच विचारा. सासूबाई आणि यजमान त्या वेळी जवळ बसलेले असतील, तर अधिक चांगले.