ड्रिफ्ट होणारी स्टिक बदलताना: जुन्या मॉड्यूलचे तुकडे करा, बोर्ड वाचवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ड्युअलसेन्सची, म्हणजे प्लेस्टेशन 5 च्या कंट्रोलरची, डावी स्टिक हात न लावता वर सरकते (यालाच ड्रिफ्ट म्हणतात), कॉन्टॅक्ट क्लीनर मारल्यावर काही दिवस ठीक चालली आणि पुन्हा तेच सुरू झालं. आता आतला एक पोटेंशियोमीटर (स्टिकची जागा मोजणारा भाग) बदलायचा की स्टिकचं अख्खं मॉड्यूल, साधं घ्यायचं की चुंबकावर चालणारं हॉल इफेक्टचं, आणि सोल्डरिंगची सवय नसताना हे घरी जमेल का?

जमेल. पण कंट्रोलर वॉरंटीत असेल तर आधी तो मार्ग वापरा. स्क्रूला हात लावण्याआधी तेवढं बघून घ्या.

क्लीनरचा गुण का टिकला नाही ते आधी सांगतो, कारण पुढचा निर्णय त्यावरच ठरतो. स्टिकच्या बाजूंना दोन छोटे पोटेंशियोमीटर असतात. प्रत्येकात कार्बनचा पट्टा असतो आणि त्यावरून धातूचा वायपर घासत जातो. वायपर पट्ट्यावर कुठे आहे त्यानुसार मधल्या पिनवरचं व्होल्टेज बदलतं आणि कंट्रोलर त्यालाच स्टिकची जागा समजतो. स्टिक सगळ्यात जास्त वेळ मध्याजवळ असते, म्हणून पट्टा तिथेच आधी झिजतो. झिजलेल्या कार्बनची पूड वायपरखाली आली की आकडे उड्या मारतात. क्लीनर ती पूड धुतो, म्हणून बरं वाटतं. गेलेला कार्बन मात्र परत येत नाही. उलट वारंवार फवारा मारला की पट्ट्यावरचं ग्रीसही धुतलं जातं आणि झीज वाढते. त्यामुळे एकदा क्लीनर मारून दोष परतला असेल तर पुन्हा मारू नका.

उघडण्याआधी एक चाचणी मात्र नक्की करा. ब्राउझरमधलं कुठलंही गेमपॅड टेस्टर, म्हणजे स्टिकची जागा आकड्यांत दाखवणारं पान, उघडा, स्टिक एका दिशेला पूर्ण ढकला आणि एकदम सोडा. आठही दिशांनी हे करा. सोडल्यावर आकडा थरथरत किंवा उड्या मारत असेल तर पट्टा गेलाय. आकडा स्थिर आहे पण दरवेळी त्याच चुकीच्या जागी थांबतो, तर ते फक्त कॅलिब्रेशनचं, म्हणजे स्टिकचा मध्य आणि पल्ला कंट्रोलरला नव्याने शिकवण्याचं, प्रकरण असू शकतं आणि काहीच उघडावं लागणार नाही. ज्या दिशेने सोडली त्याच बाजूला थोडी अडकून राहत असेल तर स्प्रिंग सैल झालीय किंवा आतली यंत्रणा झिजलीय. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि बरेच जण ही पाच मिनिटांची चाचणी न करताच कंट्रोलर खोलून बसतात.

तुमचा आकडा वरच्या दिशेला उड्या मारतोय असं धरतो. स्टिक वर-खाली होते तेव्हा आतला दांडा आडव्या अक्षाभोवती फिरतो, म्हणून वर-खालीचा पोटेंशियोमीटर मॉड्यूलच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला असतो. डावी-उजवीकडचा वर किंवा खाली. त्यामुळे दोषी कोण ते ओळखता येतं आणि तेवढाच काढला तर तीनच पिना सोडवाव्या लागतात. स्प्रिंग घट्ट असेल, दुसरा अक्ष स्वच्छ असेल, तर हा मार्ग अगदी योग्य आहे. तरीही तुम्हाला मी अख्खं मॉड्यूल बदला असंच सांगेन. दुसऱ्या पट्ट्यानेही तेवढेच खेळ सोसलेत, त्याची पाळी फार लांब नसते. एकदा उघडलाच आहे तर काम पूर्ण करा.

अख्ख्या मॉड्यूलला 14 सोल्डर केलेले पाय असतात: दोन पोटेंशियोमीटरचे तीन-तीन, एल3 बटणाचे (स्टिक खाली दाबल्यावर लागतं ते) चार आणि धातूच्या चौकटीचे चार. अवघड हे शेवटचेच. चौकटीचे पाय तांब्याच्या मोठ्या ग्राउंड भागाला जोडलेले असतात आणि तो भाग सगळी उष्णता शोषून घेतो. सोल्डर वितळत नाही, माणूस वैतागतो, मॉड्यूल ओढतो, आणि भोकातलं तांब्याचं अस्तर पायासोबत बाहेर येतं. दुरुस्तीत मरणारे कंट्रोलर बहुतेक इथेच मरतात.

म्हणून एक गोष्ट पक्की धरा: जुनं मॉड्यूल आधीच मेलंय, ते अखंड बाहेर काढायचं काहीच कारण नाही. वाचवायचाय तो बोर्ड. बारीक कटरने आधी पोटेंशियोमीटरच्या पिना कापा, मग बटण, मग चौकट पायांजवळ तोडा. कापताना कटर बोर्डाला टेकवून जोर लावू नका, आजूबाजूचे बारीक घटक उडतात. मॉड्यूल तुकड्यांत निघालं की मागे सुटे पाय उरतात. आता प्रत्येक पाय एकेकटा गरम करून चिमट्याने अलगद निघतो. चौदा जागी एकाच वेळी सोल्डर वितळवायची कसरतच उरत नाही. गरम हवेने सोल्डर वितळवणारं हॉट एअर यंत्र असणाऱ्यांना हे रानटी वाटेल, पण पहिल्यांदा करणाऱ्यासाठी याहून सुरक्षित पद्धत मला माहीत नाही.

कारखान्यातलं शिसेविरहित सोल्डर साधारण 217 अंशांना वितळायला लागतं, 63/37 प्रकारचं शिसे-कथिलाचं सोल्डर 183 ला. म्हणून प्रत्येक पायावर आधी फ्लक्स (सोल्डर नीट वाहायला मदत करणारं रसायन) आणि थोडं शिशाचं सोल्डर घाला, जुन्यात मिसळू द्या, मगच पाय काढा. बिस्मथ असलेलं कमी तापमानाचं सोल्डर मिळालं तर काम आणखी सोपं होतं, पण नंतर ते विकने, म्हणजे सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने, पूर्ण पुसून काढा, कारण त्याचा जोड ठिसूळ असतो. इस्त्रीला, म्हणजे सोल्डरिंग आयर्नला, सुईसारखं नव्हे तर रुंद छिन्नीसारखं टोक लावा आणि तापमान 350 अंशांच्या आसपास ठेवा. बारीक टोकाने ग्राउंडचे पाय तापत नाहीत आणि मग लोक तापमान वाढवत नेतात, त्याने पॅड, म्हणजे भोकाभोवतीची तांब्याची चकती, बोर्डापासून सुटतं. धुरात थेट नाक घालू नका, खिडकी उघडी ठेवा, नंतर हात धुवा.

उघडताना: खालची काळी पट्टी काढा, एल1 आणि आर1 ची बटणं काढून त्यामागचे स्क्रू आणि पट्टीखालचे स्क्रू सोडवा. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. लिथियम बॅटरी जोडलेली असताना बोर्डावर धातूचं काहीही फिरवू नका. कंपनाच्या मोटारींच्या तारा बोर्डाला सोल्डर केलेल्या असतात, बोर्ड उचलताना त्या ताणू नका. रिबन केबल सरळ रेषेत ओढा, तिरकी नाही. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा.

सगळे पाय निघाल्यावर भोकं विक किंवा सोल्डर ओढणाऱ्या पंपाने मोकळी करा. पलीकडचा उजेड प्रत्येक भोकातून दिसला पाहिजे. नवं मॉड्यूल दाबून बसत नसेल तर जोर लावू नका, कुठल्या भोकात सोल्डर उरलंय ते शोधा. बसल्यावर चौकटीचा एकच पाय जोडा, मग तो पुन्हा वितळवत मॉड्यूल बोटाने बोर्डाला सपाट दाबा. तिरपं राहिलं तर स्टिकचा मध्यच तिरपा होतो. सपाट आहे याची खात्री झाल्यावरच समोरचा पाय आणि मग बाकीचे.

हॉल इफेक्ट की साधं? हॉल इफेक्टच घ्या. त्यात चुंबक फिरतो आणि सेन्सर त्याचं क्षेत्र न शिवता मोजतो, त्यामुळे झिजायला पट्टाच नाही. ही कल्पना जुनीच आहे, सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्येही हेच होतं. टीएमआर प्रकारची मॉड्यूलं याच कुळातली, त्यांना वीज कमी लागते. फक्त स्प्रिंग आणि प्लास्टिकचे भाग यांतही झिजतात, हे लक्षात ठेवा. शिवाय मॉड्यूल नेमकं ड्युअलसेन्ससाठीचं आहे का ते बघा, सारखं दिसणारं दुसऱ्या कंट्रोलरचं चालेलच असं नाही.

ज्यांच्याकडे जॉय-कॉन (निन्टेन्डो स्विचचे कंट्रोलर) किंवा स्टीम डेक (हातात धरून खेळायचा संगणक) आहे त्यांना यातलं सोल्डरिंग लागतच नाही. स्टिक रिबन केबलने जोडलेली असते आणि काही स्क्रूंवर बसते. जॉय-कॉनला बाहेरून तीन पाकळ्यांचा ट्राय-विंग आणि आत बारीक फिलिप्स पेचकस लागतो. रिबनचं कुलूप नखाने अलगद वर उचला, ते तुटलं तर काम खूप वाढतं. युरोपियन आर्थिक क्षेत्र, ब्रिटन आणि स्वित्झर्लंडमध्ये जॉय-कॉनच्या ड्रिफ्टची दुरुस्ती वॉरंटी संपल्यावरही मोफत करण्याचं निन्टेन्डोने 2023 मध्ये मान्य केलंय, तिथल्यांनी आधी ते वापरावं.

ड्युअलसेन्सला शेवटी कॅलिब्रेशन हवंच. नवं मॉड्यूल उत्तम बसलं तरी जुन्या स्टिकचा मध्य कंट्रोलरच्या स्मृतीत असतो, त्यामुळे ड्रिफ्ट तसाच दिसतो आणि लोकांना वाटतं की नवा भागच खराब निघाला. कव्हर बंद करण्याआधी बॅटरी जोडा, यूएसबी केबलने संगणकाला लावा आणि ड्युअलशॉक टूल्स या वेबसाइटचं ब्राउझरमधलं कॅलिब्रेशन उघडा. त्याला क्रोमसारखा ब्राउझर लागतो. आधी मध्य ठरवा, मग स्टिक कडेने हळू गोल फिरवून पूर्ण पल्ला ठरवा, आणि बदल कायमस्वरूपी जतन करा, नाहीतर कंट्रोलर रीसेट झाला की सगळं पुसलं जातं. मग सोडून बघायची तीच चाचणी पुन्हा आठही दिशांनी करा, एल3 दाबून बघा, आणि आकडे शांत राहिले तरच स्क्रू आवळा.