पळणाऱ्याचा फोटो फोनवर टिपताना

घरात पळणाऱ्या मुलाचा एकही फोटो धड येत नाही. हात स्थिर असतो, फोनमध्ये ओआयएसही आहे. मग चुकतं कुठे?

हात स्थिर आहे म्हणूनच मागची भिंत लख्ख येते आणि मूल तेवढं पुसट. ओआयएस तुमच्या हाताची थरथर सावरतं. समोरचा पळत असेल, तर तिथे त्याचं काही चालत नाही.

खरी अडचण उजेडाची. बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) ठरलेलं असतं, कमीजास्त होत नाही. त्यामुळे अंधुक खोलीत ऑटो मोडपुढे दोनच वाटा उरतात: शटरस्पीड कमी करायचा, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, नाहीतर आयएसओ (फोटो उजळवणारी सेटिंग, पण तिने फोटो रवाळ होतो) वाढवायचा. फोटो स्वच्छ दिसावा म्हणून तो बरेचदा शटर हळू करतो आणि १/५० सेकंदाच्या आसपास येऊन बसतो. आता हिशेब करा. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. या वेगाने समोरून आडवं जाणारं कुणीही १/५० सेकंदात १० सेंटिमीटर सरकतं. नाक-डोळे पुसले जायला एवढं पुरे. तेच १/५०० ला फक्त १ सेंटिमीटर.

म्हणून प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने ठरवता येतात) जा, शटर १/५०० वर ठेवा आणि आयएसओ ऑटोवर सोडा. आयफोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात शटरस्पीड हाताने ठरवता येत नाही, त्यासाठी वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं. फोटो रवाळ येईल, येऊ दे. रवे नंतर कमी करता येतात, पुसलेला चेहरा काही परत येत नाही. नाइट मोड मात्र आठवणीने बंद करा: तो अनेक फ्रेम एकावर एक रचतो, आणि पळणाऱ्याला कधी कधी तीन हात फुटतात. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खेळ खिडकीजवळ हलवणं.

मग फ्लॅशच लावला तर?

नको. फोनचा फ्लॅश म्हणजे छोटा एलईडी दिवा. मोठ्या कॅमेऱ्याचा फ्लॅश क्षणात लखकन चमकतो आणि हालचाल गोठवतो. फोनचा दिवा शटर उघडं असेपर्यंत नुसता जळत राहतो.

बटण दाबेपर्यंत क्षण निघून जातो.

फोकस शोधण्यात वेळ जातो, म्हणून तो आधीच उरकून टाका. उडी जिथे पडणार त्या जागेवर स्क्रीनवर बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल. मग बर्स्ट, म्हणजे एकापाठोपाठ धडाधड फोटो: आयफोनवर शटरचं बटण डावीकडे ओढा, सॅमसंगवर खाली. आणि उडीचा सर्वात उंच बिंदू किंवा झोक्याचं टोक हेरा. तिथे वर-खाली होणारी हालचाल क्षणभर थांबते, त्यामुळे शटर थोडं हळू असलं तरी खपून जातं. बर्स्टमधले नको ते फोटो त्याच दिवशी उडवा, नंतर कुणीही उडवत नाही.

त्यापेक्षा व्हिडिओ काढून हवी ती फ्रेम उचलली तर?

भर उन्हात चालेल. ४के फ्रेम सुमारे ८३ लाख पिक्सेलची असते, छोट्या प्रिंटला पुरते. पण कमी उजेडात व्हिडिओचंही शटर हळू पडतं. चालू असताना छान वाटतं, थांबवलं की सगळं फिस्कटलेलं दिसतं.

बंद हॉलमध्ये बॅडमिंटन टिपताना १/१००० ठेवलं, तर फोटोवर आडवे काळे पट्टे आले. सेन्सर गेला का?

सेन्सर ठणठणीत आहे, दिवे लुकलुकताहेत. ५० हर्ट्‌झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण फोनचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे काही ओळी उजेडात सापडतात, काही अंधारात. (फिरत्या पंख्याची पाती वाकडी येतात, धावत्या गाडीतून खांब तिरके दिसतात, तेही या ओळीओळीच्या वाचनामुळेच. शटरस्पीड वाढवून ते सरळ होत नाहीत.) १/१०० ठेवलं की पट्टे जातात, ६० हर्ट्‌झ असेल तिथे १/१२०. अर्थात या वेगात स्मॅश गोठणार नाही. तेव्हा सर्व्हिसच्या आधीचा रोखलेला क्षण घ्या, किंवा पट्टे सोसा.

सायकलस्वार स्पष्ट आणि मागचं सगळं पळतंय, असा फोटो फोनवर जमेल?

जमेल, आणि हा माझा आवडता प्रकार. शटर १/३०. पाय रोवून उभे राहा, फोन दोन्ही हातांनी छातीजवळ धरा आणि कमरेतून वळत सायकलस्वाराला फ्रेममध्ये एकाच जागी ठेवा. बटण दाबल्यावरही वळणं थांबवू नका. बहुतेकांचा फोटो तिथेच बिघडतो. दुपारच्या उन्हात मात्र या शटरला फोटो पांढराफटक येतो, कारण अ‍ॅपर्चर बारीक करता येत नाही. आयएसओ सर्वात कमी ठेवा आणि सावलीचा रस्ता किंवा संध्याकाळ निवडा, नाहीतर लेन्सवर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावा. सायकल समोरून आडवी जायला हवी, अंगावर येणारी चालत नाही. दहातले आठ फोटो वाया जातील, हे धरूनच चाला.