पिल्लू कुशीत, लेकरू पाळण्यात

"बाई, हिला काय झालंय ते तुम्हीच बघा. घरात थोरल्या सुनेचं सव्वा महिन्याचं लेकरू हाय, त्याला ही हात लावीना. अन् शेळीचं पिल्लू तेवढं पदराखाली घेऊन बसती!"

खुर्चीत टेकायच्या आधीच सासूबाईंनी तक्रार मांडली. औसा तालुक्यातल्या एका गावाहून दोघी एसटीने लातूरला आल्या होत्या. धाकटी सून सव्वीस वर्षांची, लग्नाला तीन वर्षं झालेली. मान खाली, नजर फरशीवर. येळवस (वेळा अमावास्येचा शेतातला सण) होऊन आठवडा झाला होता आणि त्या दिवशी शेतात जे घडलं त्यावरूनच गावात चर्चा सुरू झाली होती. पाहुण्यारावळ्यांत बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होतं. हिच्याकडे यायची पाळी आली तशी ही उठली, "शेळ्या बघून येते" म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत फिरकलीच नाही. (तिची परवानगी घेऊन लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

"मावशी, तुम्ही जरा बाहेर चहा घ्या," म्हणून मी त्यांना पाठवलं आणि माझ्या अनुभवी डोक्याने लगेच निदान करून टाकलं. तीन वर्षं मूल नाही, जावेला मुलगा झाला, आत कुठेतरी सलत असणार. मी हळुवार आवाजात त्या दिशेने दोन प्रश्न टाकले. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"नाही मॅडम. आम्हीच थांबलोय. माझी भरतीची परीक्षा हाय. मालकाला माहितीय सगळं."

मग?

"मला लेकरू बघून काहीच होत नाही. सगळे म्हणतात किती गोड, किती गोड. मला ते लाल, सुरकुतलेलं, नुसतं ओरडायलेलं दिसतं. अन् आमच्या चांदीला बघितलं की काळजात कसंतरी होतं. कुत्र्याचं पिल्लू असू दे, वासरू असू दे, मांजर असू दे. सगळ्यांचं गोड वाटतं, माणसाचंच नाही. मग उद्या माझं झाल्यावर काय? ते पण असंच पाळण्यात पडून राहणार का?"

हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. शब्द वेगळे असतात. कुणी नवं लग्न झालेली, कुणी सातव्या महिन्यातली, एकदा तर एक होणारा बाप आला होता. सगळ्यांच्या मनात तीच धास्ती असते, की माझ्यात काहीतरी कमी आहे.

पिल्लू गोड का वाटतं, इथून सुरुवात करू. ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी 1943 साली याची ठेवण मांडली: अंगाच्या मानाने मोठं डोकं, पुढे आलेलं कपाळ, चेहऱ्यात खालच्या बाजूला मोठे डोळे, गुबगुबीत गाल, आखूड हातपाय, थोडी धडपडती चाल. अशी ठेवण दिसली की माणसाच्या मनात सांभाळण्याची ओढ उठते. ही ओढ आपल्या बाळासाठी असली, तरी डोळ्याला ती खूण वासरात दिसो की मांजरात, तो सारखाच विरघळतो. म्हणजे करडू बघून जे होतं ते त्याच झऱ्याचं पाणी आहे. "तुमच्यात माया नसती तर चांदीवर आली असती कुठून?" असं मी तिला विचारलं तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली.

पण मग बाळ का नाही? इथे आपण बाळावर जरा अन्यायच करतो. उस्मानाबादी शेळीचं करडू जन्मतं तेच डोळे उघडे ठेवून. तासाभरात पायावर उभं राहतं, दोन-चार दिवसांत उड्या मारतं. काळंभोर, लांब लोंबते कान. ते पहिल्याच आठवड्यात आपल्या ऐन बहरात असतं. कुत्रीचं पिल्लू आंधळं जन्मतं, दोनेक आठवड्यांनी डोळे उघडतं. पण तोवर ते बघायला जातं कोण? कुत्री जाऊच देत नाही. आपल्याला ते दिसतं महिना-दीड महिन्याचं होऊन अंगणात लुडबुडायला लागल्यावर. अमेरिकेत ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत क्लाइव्ह विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली लोकांना वेगवेगळ्या वयाच्या पिल्लांचे फोटो दाखवले. लोकांना सगळ्यांत लोभस वाटली ती सहा ते आठ आठवड्यांच्या आसपासची पिल्लं. साधारण याच सुमारास कुत्री पिल्लांचं दूध तोडते. आईने हात काढून घ्यायच्या वेळी माणसाने उचलून घ्यावं, अशी ही सोय आहे म्हणा ना.

माणसाचं बाळ याउलट कच्चंच जन्माला येतं. जन्मताना त्याचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या तीस टक्केही नसतो. डोकं वाटेत दाबलं गेलेलं, कातडी सुटत असलेली, नजर कुठेच न ठरणारी. ते बाळसं धरतं, ओळखीचं हसतं, तेव्हा दोन-तीन महिने उलटलेले असतात. आणि आपण त्याला दाखवतो कधी? पाचवीला, बाराव्या दिवशी बारशाला! करडू बहरात बघायचं, बाळ कच्चं बघायचं आणि मग म्हणायचं मला करडूच का आवडतं.

त्यात रडणं. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी 1962 मध्ये आयांकडून रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या होत्या. बाळाचं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोचतं, दिवसाचे जवळजवळ पावणेतीन तास, आणि पुढे उतरत जातं, असं त्यांना दिसलं. जावेचं लेकरू सव्वा महिन्याचं होतं. म्हणजे हिशेब करा.

हे सगळं तिला पटलं. पण पटलं म्हणून माणूस मोकळं होतंच असं नाही. जाताना ती म्हणाली, "नुसतं आवडत नाही असं असतं तर चाललं असतं मॅडम. मला त्याची भीती वाटते."

शास्त्र सांगण्याच्या नादात हे मी विचारायचंच विसरले होते.

पंधरा दिवसांनी ती एकटी आली. माहेर बीड जिल्ह्यातलं. आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला कोयता निघायचा (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, तिसऱ्या जिवाचा हिशेब त्यात नसतो). ही दहा वर्षांची, धाकटा भाऊ आठ महिन्यांचा. आई पहाटे फडात जायची ती दिवस मावळताना यायची. भाऊ दिवसभर हिच्या कडेवर. तो रडला की कोपीतल्या (कोपी म्हणजे ऊसतोड्यांची झोपडी) म्हाताऱ्या ओरडायच्या, पडला की आई मारायची, आजारी पडला तेव्हा बाप तिलाच म्हणाला होता, "काय केलंस त्याला?" पुढच्या वर्षी आणखी एक बहीण. चौथीची शाळा दोनदा अर्धी राहिली. शेजारच्या कोपीतल्या शेळीला तिथेच पिल्लू झालं होतं. ते तेवढं तिचं खेळणं. त्याला काही झालं असतं तर कुणी तिला जाब विचारला नसता.

"येळवशीला कडब्याची कोप केली होती. पांडवांची पूजा झाली, सगळे जेवायला बसले अन् त्या कोपीच्या तोंडाशी ते लेकरू ओरडायलं. मला काय झालं काय माहीत. हात गार पडले."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. ज्या पोरीने दहाव्या-अकराव्या वर्षी दोन लेकरं सांभाळली, तिला आम्ही विचारत होतो की तुला लेकरांची माया का नाही. मूल म्हणजे काम, मूल म्हणजे मार, मूल म्हणजे सुटलेली शाळा, हे तिच्या अंगात भिनलेलं होतं आणि चांदीच्या अंगावर यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. प्रत्येकीच्या मागे अशीच कोपी असते असं मी म्हणणार नाही. काहींना मुलं आवडतच नाहीत, कारणबिरण काही नसतं, आणि तो आजारही नव्हे. पण मराठवाड्यात बसून मी एवढं शिकले आहे की थोरल्या बहिणींना हा प्रश्न विचारताना जरा जपून विचारावा.

यावर कसला उपचार करायचा? मी दोनच गोष्टी केल्या. तिच्या नवऱ्याला बोलावून त्याच्यासमोर तिला हे एकदा सांगू दिलं. भावाचं आजारपण त्याला माहीतच नव्हतं. आणि सासूबाईंना सांगितलं, महिनाभर "घे की, घे की" करायचं नाही. बाळ आणि ती एका घरात आहेत, तेवढं पुरे.

सासूबाई यावर माझ्याशी भांडतील असं वाटलं होतं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "खरं सांगू का बाई, आमाला तरी कुठं टाइम होता गोड बगायला? बांधावर बाभळीला झोळी बांधायची अन् खुरपं हातात घ्यायचं. थोरल्याचं तोंड कसं होतं तेबी मला आठवत न्हाई."

तान्ह्या बाळाच्या आया हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक गोष्ट, कारण त्यांची धास्ती याहून मोठी असते. रॉबसन आणि कुमार यांनी 1980 साली ब्रिटनमध्ये केलेल्या अभ्यासात पहिलटकरणींपैकी साधारण चाळीस टक्के जणींनी सांगितलं होतं की बाळाला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा विशेष काही वाटलंच नाही. बहुतेकींना ओढ पुढच्या काही दिवसांत लागली. माझी मुलगी झाली तेव्हा मीही त्या चाळीसांतली होते; माझ्या आईला हे अजून माहीत नाही. मात्र बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटूनही सारखं रडू येत असेल, झोप उडाली असेल, बाळाचं किंवा स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात येत असेल, तर हा गोड-कडूचा प्रश्न राहत नाही. तेव्हा थांबू नका, डॉक्टरकडे जा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

मार्चमध्ये सासूसून पुन्हा आल्या. परीक्षेचं केंद्र लातूरलाच आलं होतं, ते झाल्यावर डोकावल्या. या वेळी सासूबाईंना बाहेर पाठवायची गरज पडली नाही.

"परवा रात्री पोरगं लई ओरडायलं. थोरली दमली, मी दमले. ही उठून आली, त्याला हातावर पालथं टाकलं अन् अंगणात फिरली. दहा मिनिटात गप!"

मी तिच्याकडे बघितलं.

"गोडबीड काही वाटलं नाही मॅडम," ती घाईने म्हणाली, जणू मी आरोप केला होता. "पाय पोटाशी घ्यायलं होतं, म्हणजे वारा धरलेला. धाकट्याला असंच व्हायचं. ते काय विसरतंय होय?"

"भीती वाटली?"

"पहिल्यांदा वाटली. मग त्याने ढेकर दिला."

सासूबाई फस्सकन हसल्या. मी चांदीची चौकशी केली.

"ती आता मोठी झाली. शिंगं फुटलीत, दिसंल त्याला ढुशा मारायली," ती म्हणाली. "परवा माझं परीक्षेचं हॉल तिकीट खाल्लं तिनं. पुन्हा छापून आणावं लागलं."