एसटी असताना नागपुरात घरगुती ट्रॅव्हल्स कंपन्या कशा उभ्या राहिल्या?

थोडक्यात सांगायचं तर लग्नाच्या वऱ्हाडावर. टप्प्याटप्प्याने तिकीट फाडून प्रवासी नेण्याचा हक्क एसटीकडे होता. खासगी मालकाला मिळायचं ते कंत्राटी परमिट: अख्खी गाडी एकाच पार्टीने ठरवायची, रस्त्यात हात दाखवणाऱ्याला घ्यायचं नाही. मग हक्काची गिऱ्हाईकं कोण? वऱ्हाड, शाळेच्या सहली, शेगाव-पचमढीच्या यात्रा.

आमच्या घरी असंच सुरू झालं. एक जुनी बस, गाडीवर वडील, क्लिनर म्हणून काका. आईकडे लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर असायचं. लग्नतिथी, वऱ्हाड कुठून कुठे, इसार किती, सगळं त्यात. एप्रिल-मे महिन्यांत ते रजिस्टर भरून जायचं आणि पावसाळ्यात गाडी उभी. बँकेचा हप्ता मात्र बारा महिने. छोट्या मालकांचं कंबरडं मोडतं ते इथेच, गिऱ्हाईक नसल्यामुळे नव्हे. आमची दुसरी गाडी आईचे दागिने गहाण ठेवून आली, हे मी कधी विसरणार नाही.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला, त्यात परमिट देण्याचं धोरण सैल झालं. पुढे पुण्याला शिकायला, नोकरीला जाणारी पोरं वाढली आणि रात्रीच्या स्लीपर गाड्यांनी धंद्याचं रूपच पालटलं. आता तर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आहे. तरी वऱ्हाडाची गाडी आम्ही सोडली नाही. ज्यांच्या लग्नाला वडील गाडी घेऊन गेले, त्यांच्या मुलांचं बुकिंग आज माझ्याकडे येतं.